वाचकांचे प्रश्न : अंत्यविधीतील ढोलाचे काम

प्रश्न : घानामधील एका अंत्ययात्रेची चित्रफीत २०२० मध्ये जगभर पाहिली गेली. खांद्यावर शवपेटी घेतलेले पुरुष तीत वाद्यांच्या तालावर नाचत होते. ते पाहून मी अस्वस्थ झाले. पश्चिम आफ्रिकेत मृत्यूचे दुःख मानत नाहीत का? आणि तेथील अंत्यविधीत ढोलाचे नेमके काम काय असते?

उत्तर : चित्रफितीतील खांदेकरी मोबदला घेऊन येणारे व्यावसायिक आहेत आणि ती पद्धत अलीकडची आहे. तिच्यावरून तेथील शोकाची कल्पना करणे योग्य होणार नाही. आपला शेवटचा प्रश्न अधिक मोलाचा आहे, कारण पश्चिम आफ्रिकेतील अनेक समाजांत अंत्यविधीच्या ढोलाला खरोखरच नेमून दिलेले काम असते, आणि ते काम बहुतेक वेळा बोलण्याचे असते.

‘बोलण्याचे’ हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. घानातील आकान लोकांची ट्वी भाषा स्वराघातांची आहे. म्हणजे अक्षर उंच सुरात उच्चारले की खालच्या सुरात, यावर शब्दाचा अर्थ ठरतो. मराठीत तसे नसल्यामुळे आपल्याला ही गोष्ट चटकन उमगत नाही. आकानांपैकीच असलेल्या असांते लोकांच्या राजदरबारातील ‘आतुंपान’ ही दोन ढोलांची जोडी असते; त्यांतील खालच्या सुराचा ढोल नर आणि वरच्या सुराचा मादी मानला जातो, आणि या दोन सुरांतून वादक वाक्याची चाल हुबेहूब उमटवतो. अनेक शब्दांची चाल सारखीच असल्याने घोटाळा होऊ नये, म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या ठरत आलेली लांबलचक वाक्ये वाजवतो, आणि जाणकार ती ऐकून ओळखतात. मृत व्यक्तीला उद्देशून ‘दामिरिफा दुए’ हे सांत्वनाचे शब्द माणसे उच्चारतात, तेच ढोलही वाजवतो. मला विशेष भावते ती वादनाच्या आरंभीची रीत : ज्या झाडाच्या लाकडातून ढोल कोरला त्या झाडाला आणि ज्या हत्तीच्या कातड्याने तो मढवला त्या हत्तीला वादक ढोलाच्याच भाषेत आधी हाक घालतो. ढोल घडण्यासाठी ज्यांचे प्राण गेले, त्यांचे स्मरण झाल्याशिवाय तो पुढे बोलत नाही.

घानाच्या वायव्येकडील दागारा लोकांत हे काम ‘ग्यिल’ या लाकडी पट्ट्यांच्या वाद्याकडे आहे. पट्ट्यांखाली भोपळे टांगलेले असतात, आणि भोपळ्यांच्या छिद्रांवर कोळ्याच्या अंडकोशाचे पातळ पापुद्रे चिकटवल्यामुळे प्रत्येक स्वराला एक गुणगुणती थरथर येते. गेलेली व्यक्ती पुरुष आहे की स्त्री, हे सुरुवातीच्या धुनेवरूनच ऐकणाऱ्यांना कळते. मृतदेह उत्तम वस्त्रे नेसवून उंच आसनावर बसवतात आणि त्याच्यासमोर वादन, गायन व विलाप चालू राहतो. दुःखाच्या भरात कोणी स्वतःला इजा करून घेऊ नये, म्हणून अगदी जवळच्या नातलगांना चामड्याच्या वादीने, तर इतरांना नात्याप्रमाणे वाखाने किंवा दोरीने बांधून सोबती ते टोक हातात धरून चालतात. जेथे शोकाकुल माणसाला अक्षरशः धरून ठेवावे लागते, तेथे दुःख मानत नाहीत असे कसे म्हणता येईल? संगीत तो आवेग दडपत नाही. तो कोठे उसळावा आणि कोठे थांबावा, याची वाट ते आखून देते.

नाचाचेही तसेच आहे. घानाच्या आग्नेय भागातील एवे लोकांचा ‘आग्बाद्झा’ हा अंत्यविधीत नेहमी दिसणारा नाच जुन्या युद्धनृत्यातून आला, असे मानतात. त्यात सगळे जण सामील होतात, आणि तो सहभाग म्हणजे शोकाकुल घराला दिलेली सोबत असते.

ढोलांच्या जोडीने आकान स्त्रियांच्या विलापगीतांचाही उल्लेख केला पाहिजे. घानाचे संगीत-अभ्यासक क्वाबेना न्केतिया यांनी त्यांचा सखोल अभ्यास करून १९५५ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. या गीतांत मृताचे पूर्वज, त्याचे कुळ, मूळ गाव आणि गौरवाची नावे गुंफलेली असतात, त्यामुळे त्यांतून घराण्याचा इतिहासही जपला जातो. कधी गाणारी स्त्री मृताला विनवते की, तिकडून इकडे कोणी येणार असेल, तर त्याच्या हाती माझ्यासाठी काहीतरी पाठव.

ख्रिस्ती मिशनऱ्यांनी ढोलवादनाला दीर्घकाळ विरोध केला, तरी ते बंद पडले नाही. आज घानात बहुधा शनिवारी होणाऱ्या अंत्यविधीत काळी-तांबडी वस्त्रे नेसलेली मंडळी चर्चची भजने, पितळी वाद्यांचा बँड आणि जुने ढोल हे सारे एकाच अंगणात ऐकतात. दीर्घायुष्य भोगून कोणी गेले असेल, तर वस्त्रे पांढरी असतात आणि वादनातही समाधानाचा सूर असतो. तरुण माणूस गेला असेल, तर तो सूर कोणी लावत नाही.