नदीत जेमतेम पन्नास जंगली सॅमन परततात, तरी जनुकीय विविधता टिकते कशी?

हे पन्नास म्हणजे समुद्रातून परतताना मोजले गेलेले मासे. (आपला रावस ‘इंडियन सॅमन’ म्हणून विकला जातो, पण त्याचं या कुळाशी नातं नाही.) अटलांटिक सॅमनच्या बाबतीत खरी मेख न मोजलेल्या नरांत आहे.

काही नर पिल्लं समुद्रात न जाताच, वीतभरही नसताना नदीतच वयात येतात. मादी शेपटीने गोट्यांमध्ये खळगा करते, मोठा नर इतरांना हुसकावत राहतो, आणि अंडी पडताक्षणी ही पिल्लं मध्ये घुसून वीर्य सोडतात. त्यामुळे एकाच खळग्यातल्या अंड्यांचे बाप अनेक असतात.

याचा फरक किती? प्रभावी संख्या (विविधता टिकण्याच्या हिशेबात किती मासे धरायचे तो आकडा) = 4 × नर × माद्या ÷ (नर + माद्या). 40 माद्या, 10 नर : उत्तर 32, म्हणजे दर पिढीला सुमारे 1.6 टक्के विविधता जाते. त्यात असे 30 छोटे नर धरा : 80, आणि घट 0.6 टक्के. मात्र सूत्र सगळ्यांचा वाटा सारखा मानतं. प्रत्यक्षात मोजक्याच नर-माद्यांची पिल्लं जगतात, त्यामुळे खरा आकडा बराच खाली येतो.

शिवाय एका वर्षीची भावंडं वेगवेगळ्या वर्षी परततात, म्हणून एखादा वाईट हंगाम पचतो. पिंक सॅमनला ही सोय नाही. तो बरोबर दोन वर्षांनी येतो, सम-विषम वर्षांचे मासे एकमेकांत मिसळत नाहीत.

वाईट पिढी मात्र महागात पडते. प्रभावी संख्या 100, 100, 100, 10 अशी गेली तर परिणाम साध्या सरासरीचा, म्हणजे 77 चा नव्हे, सुमारे 31 चा होतो.

नदीतली जनुकीय विविधता तपासायची असेल तर पिल्लांच्या परांचे तांदळाएवढे तुकडे अल्कोहोलमध्ये ठेवा, पण नदीभर फिरून. एकाच डोहातली पिल्लं बहुधा सख्खी निघतात आणि विविधता उगाच कमी दिसते.

अमेरिकेतल्या इडाहो राज्यातल्या रेडफिश तलावात 1992 साली समुद्रातून एकच सॉकाय (सॅमनचीच एक जात) परतला, तोही नर. अशा वेळी बंदिस्त पैदास करावीच लागते. अशा पैदाशीतली नेहमीची चूक म्हणजे सगळ्या नरांचं वीर्य एकत्र कालवणं : ज्याचे शुक्राणू चपळ, तोच बहुतेक अंडी फळवतो. त्यापेक्षा प्रत्येक मादीच्या अंड्यांचे तीन-चार वाटे करावेत आणि प्रत्येक वाट्याला वेगळा नर द्यावा.