खाटा वाढल्या, परिचारिका कुठे आहेत?

खाटांच्या आकड्यांवरून येणारी पत्रं थांबत नाहीत, म्हणून आज तेवढंच.

प्रश्न: हजार लोकांमागे किती खाटा हव्यात? (कोथरूड)

राष्ट्रीय आरोग्य धोरण 2017 नुसार दोन.

प्रश्न: आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या 30 खाटांच्या 50 झाल्याचं पेपरात आलं, पेढेही वाटले. तरी बाळंतीण अडली की पुण्याला पाठवतात. का? (पुणे जिल्हा)

कारण पेपरात आली ती नुसती मंजुरी. श्रेणीवर्धनाचा, म्हणजे रुग्णालय मोठं करण्याचा, शासन निर्णय निघाला की मग जागा, अंदाजपत्रक, इमारत. पदनिर्मितीची फाइल वेगळी, भरती त्याहून वेगळी. यातलं एक अडकलं की वॉर्डाला कुलूप. गाद्यांवरचं प्लास्टिकही न काढलेले वॉर्ड मी पाहिले आहेत.

व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक परिचारिका लागते. पाळ्या तीन, वर साप्ताहिक सुट्ट्या नि रजा. म्हणजे त्या एका खाटेसाठी चार-पाच जणी नेमाव्या लागतात. सिझेरियनचंही तसंच. स्त्रीरोगतज्ज्ञ असून भागत नाही, भूलतज्ज्ञ हवा, रक्ताची सोय हवी. भूलतज्ज्ञाचं पद रिकामं असेल तर 50 काय नि 100 काय, बाई पुण्याच्या रस्त्याला लागणारच. फीत कापायला येणाऱ्यांना हे कुणी विचारत नाही, याचाच मला राग येतो. तुम्ही विचारा: प्रत्यक्ष चालू खाटा किती, मंजूर पदांपैकी भरलेली किती? दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज होतो.

तोवर, घरात कोणी गरोदर असेल तर प्रसूती कुठे करायची हे सातव्या महिन्यातच डॉक्टरांशी बोलून ठरवा. कळा सुरू झाल्यावर फोनाफोनी नको.

प्रश्न: जम्बो कोविड सेंटरच्या खाटा आता का वापरत नाहीत? (शिवाजीनगर)

2020 मध्ये सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर केलेली ती तात्पुरती सोय होती. मांडव उठला, खाटा गेल्या.

प्रश्न: धर्मादाय रुग्णालयात 'गरिबांचा बेड शिल्लक नाही' म्हणाले. बाहेर एक जण दहा हजारांत मिळवून देतो म्हणतो. द्यावेत का? (हडपसर)

एक रुपयाही नाही! अशा रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखीव असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1,80,000 आणि 3,60,000 रुपये. रेशनकार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवकांना भेटा. नकार दिला तर लेखी मागा आणि धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करा. मध्यस्थ तुमच्याच हक्काची खाट तुम्हाला विकतोय.

प्रश्न: वडिलांच्या छातीत अधूनमधून दुखतं. शेजारी म्हणतात, आधी बेड कुठे आहे ते ग्रुपवर विचारा, मगच हलवा. (धनकवडी)

ग्रुपवरची यादी कालची असते, कधी गेल्या वर्षीचीही. दुखणं सुरू झालं की 108 ला फोन करा, ती रुग्णवाहिका मोफत आहे. आत्ता दुखत नसेल तरी आजच डॉक्टरांना दाखवून ईसीजी काढा. सोमवारपर्यंत थांबू नका.