कैगाचा कॉम्प्युटर बिघडला तर भट्टी थांबते का?

तुम्ही विचारलंय की कैगाचं अणुवीज केंद्र कॉम्प्युटरवर चालतं, मग तो अडकला किंवा कुणी हॅक केला तर आपल्या खानापूर-बेळगावचं काय?

मी अणुकेंद्रात नाही, याच भागातल्या एका साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला आहे. एका गाळप हंगामात रात्रपाळीला बॉयलरच्या ड्रमची पातळी सांगणारे दोन ट्रान्समीटर वेगवेगळं बोलायला लागले. एक म्हणे पाणी पुरेसं, दुसरा म्हणे कमी. खरं कोण? शेवटी एक जण धावत वर गेला आणि गेज ग्लास, म्हणजे पाण्याची पातळी थेट डोळ्यांना दाखवणारी काचेची नळी, बघून आला. म्हणून अणुभट्टीत सुरक्षेची मोजमापं तीन वेगळ्या चॅनेलांवर घेतात. तिघांपैकी दोघांनी धोका सांगितला की भट्टी ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. एकच खोटं बोलला तर उगाच बंद पडत नाही, एकच गप्प बसला तरी धोका लपत नाही.

लोंढा-रामनगर ओलांडून जोयड्याच्या जंगलापलीकडे, काळी नदीकाठी कैगाच्या 220 मेगावॉटच्या चार भट्ट्या आहेत. त्यातली पहिली 31 डिसेंबर 2018 पर्यंत सलग 962 दिवस चालली, तेव्हाचा तो जागतिक विक्रम होता. रोजची शक्ती सांभाळतो कॉम्प्युटर, पण भट्टी विझवणारी यंत्रणा त्याच्यापासून वेगळी ठेवलीय. कॅडमियमच्या सळ्या भट्टीच्या वर विद्युतचुंबकाच्या जोरावर धरलेल्या असतात. करंट गेला की त्या आपल्या वजनानेच खाली भट्टीत पडतात आणि अणुविखंडन थांबवतात. त्या अडकल्या तर बोरॉनचं द्रावण नळ्यांत चढवणारी दुसरी व्यवस्था आहे.

हॅकिंगची भीती खोटी नाही. 2019 मध्ये तमिळनाडूतल्या कुडनकुळम अणुकेंद्रात मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, सापडलं होतं, पण ते ऑफिसच्या नेटवर्कवरच्या कॉम्प्युटरमध्ये. भट्टीचं नियंत्रण त्या नेटवर्कला जोडलेलं नव्हतं.

मला खरी काळजी वाटते ती भट्टी विझल्यानंतरची. विझल्या क्षणी सुद्धा इंधनातून पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता निघत असते, ती काढायला पाणी फिरत राहावंच लागतं. अमेरिकेत थ्री माईल आयलंडच्या अणुकेंद्रात 1979 साली भट्टी आपोआप बंद झाली होती, त्यात चूक नव्हती. पण एक झडप उघडी राहिली, आणि पॅनेलवरचा दिवा ती बंद असल्याचं दाखवत होता. दिव्याला फक्त हुकूम गेल्याचं कळत होतं, झडप खरंच मिटली का ते नाही. पाणी पुरेसं आहे असं समजून ऑपरेटरांनी आपत्कालीन पाणी कमी केलं आणि इंधन वितळलं. तिथे वर धावत जाऊन बघता येईल असा गेज ग्लास नव्हता.