कॅन्सर बरा होऊन बारा वर्षं झाल्यावरही केमोचा त्रास हृदयाला होऊ शकतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ताईंना बारा वर्षांपूर्वी डाव्या स्तनाचा कॅन्सर झाला होता. केमो, रेडिएशन दोन्ही झालं, नंतर सगळं ठीक. आता वय ५१, आणि गेले काही महिने जिना चढताना दम लागतो. फॅमिली डॉक्टर म्हणतात वजन वाढलंय, पाळी जायचं वय आहे. एवढ्या वर्षांनी याचा संबंध केमोशी असेल का, की टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) म्हणजे उगीच खर्च?

संबंध असू शकतो. एको करा, आणि याच आठवड्यात करा. मी डॉक्टर नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पण सात वर्षांपूर्वी तुमच्या ताईंच्या जागी मी होते, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

मला २०१० साली, सदतिसाव्या वर्षी, डाव्याच बाजूचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन, आठ केमो, पंचवीस वेळा रेडिएशन. पाच वर्षं पार पडली तेव्हा घरी सत्यनारायण घातला आणि फाईल पत्र्याच्या पेटीत घालून माळ्यावर टाकली. मी साताऱ्याची. सकाळी अजिंक्यताऱ्यावर जाणारा आमचा पाच-सहा जणींचा घोळका आहे, त्यात मंगळाईच्या देवळापर्यंत मी सगळ्यांच्या पुढे असायचे. २०१८ च्या दिवाळीत पहिल्याच वळणाला कठड्यावर टेकायची वेळ आली. मग संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुतायला लागला. रात्री आडवं झालं की कोरडा खोकला यायचा, आणखी एक उशी डोक्याखाली घेतली की थांबायचा. दम, पायाची सूज आणि हा खोकला ही तिन्ही एकाच दुखण्याची भावंडं आहेत हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

डॉक्टरांनी आधी पित्ताची गोळी दिली, मग दम्याचा पंप. त्यांना बोल तरी कसा लावू? "आधी काही मोठा आजार?" असं त्यांनी विचारलं होतं आणि मी "नाही" म्हणाले होते. खोटं बोलत नव्हते. माझ्या लेखी तो आजार संपला होता.

शेवटी भाच्याने जबरदस्तीने एकोला नेलं. इजेक्शन फ्रॅक्शन ३८ टक्के निघालं. हृदयाच्या डाव्या कप्प्यात जेवढं रक्त भरतं, त्यातलं किती एका ठोक्याला बाहेर ढकललं जातं, त्याचा हा आकडा. तो साधारण ५५ च्या पुढे असतो. हृदयाच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, ब्लाउजच्या गळ्याजवळचा रेडिएशनचा काळपट डाग बघितला, आणि पहिलाच प्रश्न विचारला, "लाल केमो किती झाल्या होत्या?"

ज्यांनी ती घेतली आहे त्यांना सांगायला नको. सरबतासारखं लाल औषध, पुढे दिवसभर लघवीसुद्धा लालसर. नाव डॉक्सोरुबिसिन, जुने लोक अ‍ॅड्रियामायसिन म्हणतात. इटलीत एड्रियाटिक समुद्राच्या बाजूच्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूच्या वंशातून ते मिळालं, म्हणून हे नाव. औषध फार गुणाचं आहे. स्तनाचा कॅन्सर, लिम्फोमा, हाडाचा कॅन्सर, लहान मुलांचे कितीतरी कॅन्सर त्याने बरे होतात. पण हृदयाच्या स्नायूंशी त्याचं वाकडं आहे. पेशीतला डीएनए सोडवणारं एक एन्झाइम ते अडवतं आणि पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया बिघडवतं. कातडी, केस, तोंडाची आतली बाजू पुन्हा भरून येतात. हृदयाच्या स्नायूच्या पेशी मात्र जवळजवळ जन्मभर त्याच असतात, गेलेल्यांच्या जागी नव्या फारशा येत नाहीत. उरलेल्या पेशी जास्तीचं ओझं उचलतात आणि म्हणून कितीतरी वर्षं काहीच कळत नाही. दोन शिक्षक कमी असले तरी शाळा चालतेच की, तसं. मग बीपी वाढतं, वजन वाढतं, आणि ओझं झेपेनासं होतं.

डॉक्टरांनी फाईल मागितली. भाचा माळ्यावर चढला. डिस्चार्ज कार्डावर चार ठिकाणी 'डॉक्सोरुबिसिन ९० मिग्रॅ' असं लिहिलेलं सापडलं. (उरलेल्या चार केमो दुसऱ्या औषधाच्या होत्या.) त्यांनी माझ्यासमोर पेन्सिलीने हिशोब मांडला: चार वेळा ९० म्हणजे ३६०, भागिले माझ्या शरीराचं क्षेत्रफळ दीड चौरस मीटर, म्हणजे २४०. या औषधाचा डोस असा जन्मभराचा मोजतात आणि पहिला धोका त्याच आकड्यावरून ठरतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकूण डोस ४०० असलेल्यांपैकी सुमारे ५ टक्के लोकांचं हृदय निकामी व्हायला लागलं, आणि ५५० ला हेच प्रमाण २६ टक्क्यांवर गेलं. म्हणजे २४० वाल्या बहुतेक बायकांना काहीही होत नाही, हेही लक्षात घ्या आणि लगेच घाबरून जाऊ नका. माझ्या बाबतीत भर घालणाऱ्या आणखी दोन गोष्टी होत्या. एक डाव्या बाजूचं रेडिएशन, दुसरं तीन वर्षं अंगावर काढलेलं बीपी. पहिल्यावर माझा इलाज नव्हता. दुसरा निव्वळ माझा आळस.

डावी बाजू का महत्त्वाची, तर हृदयाला रक्त पुरवणारी पुढची मोठी धमनी डाव्या छातीच्या भिंतीलगतच असते. रेडिएशनने तिच्या आतल्या अस्तराला इजा होते, आणि ते वर्षानुवर्षं हळूहळू जाड होत जातं. स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या २,१६८ स्त्रियांच्या नोंदींवरचा अभ्यास २०१३ मध्ये आला होता. हृदयाला सरासरी जेवढे ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक) रेडिएशन लागलं, त्यातल्या दर ग्रेमागे हार्ट अटॅकसारख्या घटनांचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढलेला दिसला. ही वाढ ज्याच्या त्याच्या मूळ धोक्यावरची, म्हणजे शंभरातल्या सात जणींना अटॅक असा अर्थ नव्हे. वाढ पहिल्या पाच वर्षांतच सुरू झाली आणि वीस वर्षांपर्यंत टिकून होती. तेव्हा 'बारा वर्षं झाली, आता कसला परिणाम' हे म्हणणं रेडिएशनच्या बाबतीत तरी चालत नाही. आता बऱ्याच ठिकाणी डाव्या बाजूच्या बायकांना खोल श्वास घेऊन रोखून धरायला सांगतात. फुप्फुस फुगतं, हृदय छातीच्या भिंतीपासून मागे सरकतं. माझ्या वेळी असं कुणी सांगितलं नव्हतं.

ताईंना हर्सेप्टिन, म्हणजे ट्रास्टुझुमॅब, दिलं होतं का हेही फाईलमध्ये बघा. त्यानेही हृदयाची ताकद कमी होते, पण ते थांबवलं की बहुतेकांची भरून येते. बारा वर्षांनी त्याची एकट्याची चिंता कमी.

एक आकडा मात्र मला आजही टोचतो. इटलीतल्या मिलानचे डॉक्टर लाल केमो झालेल्या २,६२५ रुग्णांचे एको ठरावीक अंतराने करत राहिले. ज्यांच्या हृदयाची ताकद घसरली, त्यांच्यापैकी ९८ टक्के लोकांची घसरण पहिल्या वर्षातच एकोवर दिसली होती. त्याच गटाच्या आधीच्या एका अभ्यासात ज्यांना केमोनंतर दोन महिन्यांच्या आत हृदयाच्या गोळ्या सुरू झाल्या त्यांच्यातल्या ६४ टक्के लोकांचं हृदय पूर्ववत झालं. सहा महिन्यांनंतर सुरू करणाऱ्यांत पूर्ण बरं कुणीच झालं नाही. केमो संपल्यावर माझा एकदाही एको झाला नव्हता. आता युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे जास्त धोका असलेल्यांनी उपचार संपल्यावर पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी, आणि पुढे दर पाच वर्षांनी, काही त्रास नसला तरी एको करून घ्यावा.

तरी उशीर म्हणजे सगळंच संपलं असं नाही. मला कार्व्हेडिलॉल आणि एनालाप्रिल या बीपी उतरवून हृदयाचं ओझं कमी करणाऱ्या गोळ्या सुरू केल्या. एनालाप्रिलने खोकला आला म्हणून ते बदललं. मीठ कमी केलं, आणि लोणच्याच्या बरणीशी माझं जे नातं होतं ते तुटलं. दीड वर्षात आकडा ४८ वर आला, आता ५० आहे. अजिंक्यतारा पुन्हा चढते, घोळक्याच्या मागे. शेजारणी अर्जुनाच्या सालीचा काढा घे म्हणून मागे लागल्या होत्या. मी तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेतला नाही, कारण बीपीच्या गोळ्या आधीच चालू होत्या.

आता थोडं विषय सोडून, पण हे वाचणाऱ्यांत कुणाच्या तरी घरात नक्की असेल. माझ्यासारखीपेक्षा जास्त जपायला हवं ते लहानपणी कॅन्सर होऊन बऱ्या झालेल्या मुलामुलींना. त्यांचं हृदय वाढीला लागलेलं असतानाच औषध बसतं आणि पुढे आयुष्य उभं असतं. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये अशा मुलांसाठी उपचार संपल्यानंतरचं वेगळं क्लिनिक १९९१ पासून आहे. पण आपल्याकडे मुलगी वयात आली की घरचे तिथे जाणं बंद करतात, कारण स्थळं यायला लागतात. फाईल लपवतात. माझ्या माहितीतल्या एका घरात तर जाळली. मग लग्न होतं, दिवस जातात. गरोदरपणात रक्त वाढतं, हृदयाला दीडपट काम पडतं, आणि बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरला मुलीने नवव्या वर्षी लाल केमो घेतली होती याचा पत्ताच नसतो. सासरी काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा, मी त्यात पडत नाही. डॉक्टरला सांगा. बंद दाराआड सांगा, पण सांगा.

ताईंकडे परत येते. फाईल शोधा. नसेल तर जिथे उपचार झाले तिथल्या रेकॉर्ड विभागात नोंदणी क्रमांक देऊन उपचारांचा गोषवारा मागा. लाल औषधाचा एकूण डोस आणि रेडिएशन कुठे, किती, एवढं एका कागदावर लिहा. तो कागद घेऊन हृदयाच्या डॉक्टरकडे जा. एकोच्या रिपोर्टवर नुसतं 'नॉर्मल' नको, इजेक्शन फ्रॅक्शनचा आकडा लिहून घ्या. जमत असेल तर 'स्ट्रेन'ही मोजायला सांगा, स्नायूचं आकसणं किती कमी झालंय ते त्यात आधी कळतं. पुढच्या वेळी शक्यतो त्याच मशीनवर करा, म्हणजे तुलना नीट होते. सोबत ईसीजी, हिमोग्लोबिन, साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड. दम ॲनिमियाचाही असू शकतो, आणि गळ्याच्या बाजूला रेडिएशन झालं असेल तर थायरॉइडही मंदावलेलं असू शकतं. तुमच्या डॉक्टरांचं वजनाबद्दलचं म्हणणं बरोबरही निघेल, पण ते एको झाल्यावर. मात्र रात्री दम लागून उठून बसावं लागत असेल, किंवा छातीत आवळल्यासारखं होत असेल, तर यातलं काही करत बसू नका, त्याच वेळी दवाखाना गाठा.

आणि ही गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगते. एको करताना डाव्या कुशीवर झोपवतात, डावा हात डोक्याशी न्यायला लावतात आणि गार जेल लावून ते यंत्र नेमकं व्रणाच्या आसपास दाबून फिरवतात. ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या आहेत तो हात तसा धरून ठेवणं जड जातं. ताईंना पुढून बटणं असलेला कुडता घालायला सांगा, बीपी उजव्या हाताला घ्यायला सांगा, आणि तपासणारी बाई हवी असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर विचारा. मी पहिल्या वेळी लाजून गप्प पडून राहिले होते. दुसऱ्या वेळी हाताखाली उशी मागितली, लगेच दिली.