मागचं चाक घरी काढलं तर काय बिघडतं?

प्रश्न असा होता: "माझी 2008 ची स्प्लेंडर आहे, तारांच्या चाकाची. मागचा टायर ऑनलाइन मागवलाय, 3.00-18. चाक घरीच काढून परत बसवायचा विचार आहे. कोणते पाने लागतील आणि किती वेळ जाईल? घरचे म्हणतात चाकाचं काम आहे, जिवाशी खेळ नको, मेकॅनिककडेच दे."

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य आमच्या नात्यागोत्यात गेली कित्येक वर्षं फिरतंय, म्हणून उत्तर देतोय. नाहीतर पाने-बिने कुणीही सांगेल.

काढता येतं, बसवताही येतं. स्प्लेंडरचं तर फारच सोपं. एक्सल म्हणजे चाकाच्या मधून आरपार जाणारी दांडी. चेनच्या बाजूला एक्सलभोवती एक मोठा नट दिसेल, तो स्लीव्ह नट. त्याला हात लावायचा नाही. तो जागेवर राहिला की मागची चक्री, चेन आणि तिच्यावरचं ते बंद कव्हर, सगळं चिमट्याला, म्हणजे मागचं चाक दोन्हीकडून धरणाऱ्या दांड्यांना, लटकून राहतं आणि नुसतं चाक बाहेर येतं. नवखा माणूस पहिल्यांदा तोच नट सोडतो, मग चेन कव्हर खोलतो, मग चेनची लॉक शोधत अंगणात रांगतो आणि शेवटी म्हणतो, घरी होणारं काम नाही हे.

क्रम असा. गाडी डबल स्टँडवर. ब्रेकच्या रॉडचा नट सोडा, त्याची स्प्रिंग आणि पिन डबीत टाका. टॉर्क आर्म म्हणजे ब्रेकच्या प्लेटपासून चिमट्यापर्यंत गेलेली लोखंडी पट्टी. तिच्या बोल्टातली कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून भोकात घालून पाय वळवलेली दुपायी पिन) काढून नट सोडा. मग एक्सलचा नट. एक्सल बाहेर येताना अडला तर आट्यांवर हातोडी घालू नका. नट टोकापर्यंत परत फिरवा, वर लाकडी ठोकळा धरा, मग ठोका. एक्सल आला की ब्रेककडच्या बाजूचा कॉलर खाली पडतो, तो कुठल्या बाजूने कसा होता ते मोबाइलवर टिपून ठेवा. चाक उजवीकडे ओढलं की चाक आणि चक्री यांच्यामधल्या धक्के सोसणाऱ्या रबरांमधून सुटतं. गाडी जरा डावीकडे कलती धरायला एक माणूस लागतो, तेवढी मदत घरच्यांकडून घ्या. विरोध करणाऱ्यालाच बोलवा.

आता मुद्द्याचं सांगतो.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर असतो. आमचे थोरले साडू पुण्यात बँकेत. माणूस सज्जन, हिशोबाला पक्का, पण गाडीच्या बाबतीत एकच मंत्र: "कंपनीत द्यायची." मी माझ्या गाडीचं काम दारात करतो हे त्यांना बघवत नाही. दर वेळी एकच विचारणार, "टॉर्क रेंच आहे का तुमच्याकडे?" म्हणजे नट ठरल्या जोराने आवळायचा पाना. हा शब्द त्यांनी कुठल्याशा व्हिडिओत ऐकलाय. तेव्हा माझ्याकडे नव्हता, त्यामुळे बायकोच्या माहेरी चार माणसांत माझं तोंड बंद व्हायचं. कामावर मी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचं माप धरतो हे तिथे कोण विचारतंय.

तर एका वर्षी गौरीजेवणाला सगळे सासुरवाडीला, आजऱ्याजवळ. साडू पुण्याहून त्यांच्या 150 सीसीच्या गाडीवर आलेले. का, तर नवा टायर टाकून घेतला होता आणि लांब पल्ल्यावर बघायचा होता. टायर अर्थातच अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये टाकलेला. सेंटरचं नाव लिहीत नाही, उगाच ताप नको. दुपारी पानं वाढायच्या वेळेला बघतो तर मागचं चाक बसलेलं. खिळा, तोही व्हॉल्वच्या अगदी जवळ. ट्यूबचा टायर. सणाचा दिवस, पंक्चरवाला दुकान बंद करून घरी. फोन केला तर म्हणाला, चाक सुटं आणलं तर घरी काढून देतो, गाडी आणली तर उद्या.

साडू म्हणाले, "कंपनीचा टो येतो, नंबर आहे माझ्याकडे." आजऱ्याला, गौरीच्या दिवशी! सासरे म्हणाले, "पाव्हणं, आधी जेवून घ्या, मग काय ते करा." मी पान वाढेपर्यंत सुरुवात करतो म्हणालो, सासऱ्यांच्या ट्रॅक्टरची पाने-पेटी घेतली आणि बसलो गाडीशेजारी. साडू धोतराचा सोगा सावरत मागे उभे.

ब्रेकचा रॉड सोडला. मग टॉर्क आर्म, तीच लोखंडी पट्टी. तिच्या नटाला पाना लावायच्या आधी बोट लावलं तर नट बोटाने फिरला. बोल्टच्या टोकाला कॉटर पिनचं भोक असतं ते रिकामं, आणि आत तांबडी माती भरून वाळलेली. पाण्याने धुऊन काडीने टोकरून काढली तर भोक कोरं करकरीत. मोडलेल्या पिनचा तुकडा नाही, काही नाही. नट अजून दोन-तीन आटे फिरला असता तर हातात आला असता.

हे का सांगतोय ते समजून घ्या, कारण लोक एक्सल नटाचीच काळजी करतात. ड्रम ब्रेकमध्ये शू, म्हणजे घासून चाक थांबवणारे अर्धगोल तुकडे, असतात प्लेटवर, आणि प्लेट असते एक्सलवर मोकळी. पाय दाबला की शू ड्रमला, म्हणजे चाकाच्या मधल्या पोकळ डब्याला, आतून चिकटतात, आणि फिरणारा ड्रम त्या प्लेटलाही आपल्याबरोबर फिरवायला बघतो. तिला धरून ठेवणारी एकच गोष्ट, ती पट्टी. पट्टी सुटली की प्लेट गरगरते, ब्रेकचा रॉड तिच्याभोवती ओढला जातो, रॉड ओढला की ब्रेक अजून लागतो, आणि चाक जागच्या जागी जाम. हे होणार कधी? ब्रेक जोरात दाबाल तेव्हा. म्हणजे नेमकं घाटात किंवा समोर कुणी आडवं आल्यावर. एक्सलचा नट ढिला असेल तर गाडी आधी डुलते, आवाज करते, सांगते तरी. ही पट्टी काही सांगत नाही. आणि हे गृहस्थ खंबाटकी घाट उतरून आले होते.

मी नट त्यांच्या हातात दिला. ते म्हणाले, "खड्ड्यांनी निघाली असेल पिन."

पिन खड्ड्यांनी निघत नाही हो. तिचे दोन्ही पाय उलटे वळवलेले असतात. गंजून मोडली तरी अर्धी भोकात राहते. घातलीच नव्हती एवढं सरळ आहे. पण साडूंनी ते आजतागायत मान्य केलेलं नाही. उलट त्या दिवशी जेवताना वाक्य आलं, "तरी मी म्हणतो, कंपनीत ट्रेंड माणसं असतात." असतात ना! पण दिवसाला किती गाड्या त्या माणसाच्या हाताखालून जातात? तो हवेच्या गनने नट मारतो, पुढच्या गाडीकडे वळतो. टॉर्क रेंच असतो, भिंतीवर, नीट चौकटीत लावलेला. पिन डबीत संपली असेल तर ती आणायला स्टोअरमध्ये कोण जाणार? तुम्ही घरी काम करता तेव्हा त्या गाडीवर तुमची बायको-पोरं बसणार असतात, म्हणून तुम्ही पिन शोधायला तालुक्याला जाता. हा फरक ट्रेनिंगचा नाही.

चाक भाच्याने स्कूटरवरून नेऊन पंक्चर काढून आणलं. पिन सासऱ्यांच्या नांगराच्या डब्यात मिळाली, लांब होती, कापून घातली. साडू दुसऱ्या दिवशी त्याच गाडीवर पुण्याला गेले, आणि हे काम मी केलं हे नातलगांच्या ग्रुपवर कुठेही आलं नाही. असो.

टॉर्क रेंचचं मात्र उत्तर देऊन टाकतो, कारण तुमचेही घरचे विचारतील. टॉर्क म्हणजे जोर गुणिले दांडीची लांबी, बस. फूटभर, म्हणजे साधारण 30 सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकावर 20 किलोचा जोर दिला की 6 किलोग्रॅम-मीटर होतात, न्यूटन-मीटरमध्ये 59 च्या आसपास. मॅन्युअलमध्ये तुमच्या नटाचा आकडा बघा आणि आपल्या दांडीच्या लांबीने भागा. 20 किलो म्हणजे किती ते कळत नसेल तर लगेज मोजायचा हुकाचा काटा पान्याच्या टोकाला अडकवून ओढा. दांडीशी काटकोनात ओढा, तिरकं नाही. आमच्याकडे आता खरा रेंच आहे, तरी सांगतो, कम्यूटर गाडीच्या एक्सलला ही पद्धत पुरते. लोक चुकतात ते ढिलं ठेवण्यात कमी आणि पाइप लावून आटे घालवण्यात जास्त.

बसवताना तीन गोष्टी सांभाळा. रबरं चक्रीच्या आतल्या बाजूच्या दातांत (चेन बसते त्या नव्हे) पूर्ण बसली का ते चाक दाबून पाहा. नवी रबरं घट्ट जातात, जरा साबणाचं पाणी लावा, तेल नको. एक्सल पुसून ग्रीसचा पातळ हात द्या. आणि एक्सल नट शेवटचा आवळण्याआधी कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा, म्हणजे शू ड्रममध्ये मधोमध बसतात. ब्रेकच्या रॉडच्या नटाला एक अर्धगोल खाच असते, ती पिनवर टक्कन बसली पाहिजे. बसली नाही तर तुम्ही लावलेलं ॲडजस्टमेंट दोन खड्ड्यांत बदलतं. पेडल साधारण 20 ते 30 मिलिमीटर मोकळं खेळलं पाहिजे. चेन ॲडजस्टरना हात लावला नसेल तर चेन परत लावायची भानगड नाही, तरी दोन्हीकडच्या खुणा सारख्या आहेत का बघा.

ड्रममधली काळी धूळ तोंडाने फुंकू नका. शूवरच्या जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं फेकून द्या.

टायर रिमवर चढवणं हे वेगळं काम आहे, ते मी घरी करत नाही आणि तुम्हीही करू नका. चाक सुटं करून पंक्चरवाल्याकडे न्या. तो लिव्हर घालताना ट्यूब चिमटत नाही, आपण चिमटतो. समोर उभे राहा, रिमची पट्टी बदलून घ्या, टायरवर बाण असेल तर चाक फिरण्याच्या दिशेला आहे का बघा. ऑनलाइन टायर घेतलाय तर बाजूला चार आकडे शोधा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. 2319 लिहिलं असेल तर तो 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातला, परत पाठवा. तुमच्या गाडीला मूळ माप 2.75-18. 3.00 पुष्कळ जण टाकतात, बसतो, पण चाक हाताने फिरवून कुठे घासत नाही ना ते बघा. मीटरवर फरक पडत नाही, त्याची केबल पुढच्या चाकाला आहे.

पुढच्या चाकाचं तुम्ही विचारलं नाही, पण कधी काढलंत तर ब्रेक प्लेटची खाच शॉकअपवरच्या खुंटीत बसली का ते आधी बघा. तिथे तीच खुंटी पट्टीचं काम करते.

आता हे सगळं वाचून कुणी नव्या गाडीला पाना लावायला जाईल म्हणून सांगतो. मी बोलतोय ते ड्रम ब्रेकच्या साध्या गाडीबद्दल. डिस्क असेल तर चाक बाहेर असताना ब्रेक दाबू नका, पिस्टन बाहेर येतो. पॅडच्या मध्ये पुठ्ठा खोचून ठेवा. एबीएस असेल तर सेन्सर आणि त्याची वायर सांभाळा. डबल स्टँड नसलेली गाडी विटांवर उभी करू नका, पॅडॉक स्टँड घ्या नाहीतर सरळ गॅरेजला द्या. गाडी वॉरंटीत असेल तरीही द्या, फक्त परत आल्यावर पिन बघा. साडूंचं एवढंच खरं धरतो मी.

पान्यांचं राहिलं. गाडीबरोबर येणाऱ्या किटमधला पत्र्याचा पाना वापरू नका, नटाचे कोपरे जातात. नट मोजून त्या मापाचा रिंग पाना किंवा गोटी (सॉकेट) आणि फूटभर दांडी घ्या. पकड, लाकडी हातोडी, ग्रीस. कॉटर पिना नव्या घ्या, काढलेली परत घालू नका, आणि पिनेच्या जागी तार तर अजिबात नको. पन्नासेक किलोमीटर गाडी चालली की सगळ्या नटांना एकदा पाना लावून बघा.

वेळेचं म्हणाल तर मागे सल्ला द्यायला किती जण उभे राहतात त्यावर आहे.