जुनी पुस्तकं घेतोस, तर गोव्याचा पाऊस लक्षात ठेव

वाचून होणार नाहीत इतकी पुस्तकं घेतोस म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. माझ्याकडेही निम्मी न वाचलेलीच आहेत, आणि ती घरात आहेत याचा मला आनंदच आहे. खरी काळजी आहे ती आपल्या हवेची. जून ते सप्टेंबर इथे भिंतीसुद्धा घाम गाळतात.

म्हणून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात असो की कुणाच्या जुन्या घरातून, पुस्तक हातात आलं की आधी मधोमध उघडून वास घे. कुबट आला तर ठेवून दे. एकाची बुरशी शेजारच्या दहांना लागते. मग पुठ्ठ्याच्या आतल्या सांध्यात बघ, कागद खाणारी कसर तिथेच लपते. पृष्ठांक सलग आहेत का तेही तपास. जुन्या बांधणीतला १६ पानांचा अख्खा फर्मा, म्हणजे एकत्र शिवलेला पानांचा जुडगा, कधी कधी गळालेला असतो, आणि ते घरी आल्यावर कळलं की फार हळहळ वाटते.

घरी आणलेलं आठवडाभर वेगळं ठेव. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढ, पुस्तकं दाटीवाटीने कोंबू नकोस. कडक उन्हात मात्र घालू नकोस, कागद पिवळा पडून तुटतो. पंख्याखाली उभं उघडून ठेवलं की पुरतं.