'स्पेंड अ पेनी' आणि 'द पेनी ड्रॉप्स' यांचा अर्थ काय? हे वाक्प्रचार आले कुठून?

दोन्ही ब्रिटिश आहेत आणि दोन्हींच्या मागे नाणं टाकून चालणारी यंत्रं आहेत.

'स्पेंड अ पेनी' म्हणजे लघवीला जाऊन येणं. १८५१ च्या लंडनमधल्या महाप्रदर्शनात जॉर्ज जेनिंग्ज या नळकाम व स्वच्छता-अभियंत्याने शौचालयं उभारली आणि ती वापरायला एक पेनी आकारली. पुढे सार्वजनिक शौचालयांच्या दारांवर नाण्याची कुलपं आली. फटीत पेनी टाकली की कडी सरकायची. पुरुषांच्या मुताऱ्या मात्र बहुतेक ठिकाणी फुकट असत, त्यामुळे हा भुर्दंड मुख्यतः बायकांवर पडला. वाक्प्रचाराच्या गोष्टीत हा भाग सहसा कुणी सांगत नाही, पण तो सांगायलाच हवा. १९७१ मध्ये ब्रिटनने दशमान नाणी आणली आणि जुनी पेनी गेली. वाक्प्रचार टिकला, तोही जास्त करून जुन्या पिढीच्या तोंडी.

'द पेनी ड्रॉप्स' म्हणजे उशिरा का होईना, डोक्यात प्रकाश पडणं. वजनाच्या किंवा चॉकलेटच्या यंत्रात टाकलेली पेनी कधीकधी मध्येच अडकायची, मग यंत्र ढिम्म. ती खळकन खाली पडली की काटा हलायचा. समजावून सांगितलेला विनोद एखाद्याला दोन मिनिटांनी कळतो, तेव्हा हे बरोबर बसतं.

नाण्यावरूनच आलेला अमेरिकेतला 'टर्न ऑन अ डाइम' हा वाक्प्रचार मात्र वेगळा, त्याचा यंत्राशी संबंध नाही: अगदी जागच्या जागी वळणं. डाइम म्हणजे दहा सेंट, तिथलं आकाराने सर्वांत लहान नाणं.